मागच्या खोलीतले नेट कोणाच्या जबाबदारीत?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गणपतीच्या सुमारास आणि पुन्हा शिमग्याला माझ्याकडे लॅपटॉप घेऊन येणाऱ्यांची संख्या एकदम वाढते. मुंबई-पुण्याहून गावी आलेली नोकरदार मुले आणखी आठवडाभर राहून घरूनच काम करायचे ठरवतात आणि दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप काखोटीला मारून दुकानात हजर होतात. तक्रार ठरलेली असते : “फोनवर नेट चालतं, लॅपटॉपवर चालत नाही. तुम्ही लॅपटॉप बघा.” मी रत्नागिरीत लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान चालवते. हा लॅपटॉप माझ्या टेबलावर आला की बहुतेक वेळा दुकानाच्या वायफायला लगेच जोडला जातो आणि छान चालतो. म्हणजे दोष घरीच राहिलेला असतो. दुकानात आलेली असते ती फक्त तक्रार.

या घरातल्या दोषाला आज कोणी वाली नाही, म्हणून हे पत्र. नेट पुरवणारा म्हणतो, आमच्या डब्यापर्यंत लाइन चालू आहे, पुढचे तुम्ही बघा. लॅपटॉप विकणारा म्हणतो, मशीनमध्ये काही नाही, तुमची लाइन बघा. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. पण ओटीवरच्या राउटरपासून मागच्या खोलीतल्या टेबलापर्यंत जे अंतर आहे, त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. मधे अडकलेला माणूस मग बाजारात जे मिळते ते घेत सुटतो. आधी मोठा प्लॅन, मग बूस्टर, मग दुसरा राउटर आणि शेवटी नवा लॅपटॉप. यातले बरेचसे पैसे वाचण्यासारखे असतात, हे मी रोज डोळ्यांनी बघते.

माझी मागणी सरळ आहे. घरात जोडणी द्यायला येणाऱ्या माणसाने राउटर भिंतीला ठोकून, फोनवर एक व्हिडिओ लावून दाखवून निघून जाऊ नये. लॅपटॉप जिथे वापरला जाणार आहे त्या जागी बसून, आधी केबलने आणि मग वायफायवर वेग मोजून दाखवावा, आणि राउटरची माहिती एका कागदावर लिहून द्यावी. ही मागणी का करते आहे, ते आता सविस्तर सांगते.

आमच्याकडची घरे चिऱ्याची. भिंत निदान नऊ इंची, जुन्या घरांत त्याहून जाड. फायबरची तार खांबावरून येते ती पुढच्या पडवीत किंवा ओटीवर, आणि जिथून तार आत शिरते तिथेच राउटर बसतो, कारण बसवणाऱ्याला तेवढ्याच तारेत काम उरकायचे असते. काम करणारा मुलगा मात्र शांतता हवी म्हणून माजघराच्या पलीकडच्या खोलीत बसतो. मधे चिऱ्याच्या दोन-तीन भिंती, एखादे लोखंडी कपाट आणि पावसाळ्यात पाणी धरून बसलेला चिरा. वायफायच्या लहरींना पाणी आणि लोखंड दोन्ही नडतात. त्यात आताचे राउटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगाला कमी पण भिंतीतून बऱ्यापैकी पार जाणारा, आणि ५ गिगाहर्ट्झचा वेगाला भरपूर पण भिंत आली की लवकर दम तोडणारा. राउटर दोन्हींना बहुधा एकच नाव देतो, आणि लॅपटॉप यांतला कुठला पट्टा पकडतो आहे हे घरच्यांना कळायला मार्ग नसतो. ओटीवर जोडलेला लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झला चिकटून आत जातो आणि मागच्या खोलीत रेंजची एक काडी उरली तरी त्यालाच धरून बसतो. मीटिंग चालू असताना आवाज तुटायला लागतो तो इथे.

अशाच एका घरात प्लॅन ५० वरून २०० एमबीपीएसचा करून घेतला होता आणि तरी मागच्या खोलीत गत तीच. मी माझा लॅपटॉप केबलने थेट राउटरला लावून मोजले तर वेग पुरेपूर मिळत होता. ओटीवर वायफायवर मोजले तरी उत्तम. मागच्या खोलीत गेले आणि तो इतका घसरला की ५० चा प्लॅन तरी पूर्ण वापरात होता का, असा प्रश्न पडावा. त्या घराला हवी होती ती माळ्यावरून फिरवून आणलेली एक लॅनची केबल आणि तिच्या टोकाला, मागच्या खोलीत, वायफाय देणारा एक साधा डबा. तो खर्च एकदाच होतो. वाढीव प्लॅनचे पैसे दर महिन्याला जातात. जोडणी देतानाच कोणी मागच्या खोलीत उभे राहून वेग मोजला असता, तर हे पहिल्याच दिवशी कळले असते.

केबलवरून एक सांगायचे राहील म्हणून इथेच सांगते. लॅनच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात. आठही नीट बसल्या तर एक गिगाबिटपर्यंत वेग मिळतो, चारच जोडल्या किंवा टोकाला एखादी सुटली तर तो १०० एमबीपीएसवर अडकतो. स्वस्त राउटरचे तर केबलचे खाचेही १०० चेच असतात. अशा घरात २०० किंवा ३०० चा प्लॅन विकणे ही ग्राहकाची सरळसरळ फसवणूक आहे, आणि विकणाऱ्याला ती ठाऊक असते.

दुसरे उदाहरण एका मुलीचे. स्पर्धा परीक्षेचे वर्ग ती लॅपटॉपवर करत होती. एका सकाळी घरचे वायफाय तिच्या लॅपटॉपच्या यादीतून गायबच झाले. शेजारच्यांची नावे दिसत होती, फोनवर स्वतःच्या घरचेही दिसत होते, फक्त लॅपटॉपवर नाही. नेटवाल्याने फोनवरच निकाल दिला की लॅपटॉपचे वायफाय गेले. आता बघा काय झाले होते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्या देशात १ ते १३ अशी तेरा चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातल्या वाटा, वापरता येतात. अमेरिकेत साधारणपणे ११ पर्यंतच वापरतात, आणि काही लॅपटॉपांतले वायफाय कार्ड तिकडच्या हिशेबाने बांधलेले असते. त्याला १२ आणि १३ दिसतच नाहीत. रात्री वीज जाऊन आल्यावर राउटर नव्याने सुरू झाला, त्याने आपणहून मोकळे चॅनल शोधले आणि १३ वर जाऊन बसला. फोनला ते दिसत होते, त्या लॅपटॉपला नाही. राउटरमध्ये चॅनल ६ असे पक्के करून ठेवले की काम संपते.

पण हे दोन मिनिटांचे काम करायला राउटरच्या आत शिरावे लागते आणि आत शिरायला त्याचा पासवर्ड लागतो. हा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा. तो त्या घरात कोणालाच माहीत नव्हता. बसवणाऱ्याने तो बदलून ठेवला होता. त्याला फोन केला तर म्हणाला, ऑफिसला विचारा. ऑफिसने सांगितले, तक्रार नोंदवा, माणूस येईल. माणूस यायला दोन दिवस लागले आणि तेवढे दिवस तिचे वर्ग बुडाले. मला राग आहे तो या गोष्टीचा. घर तिचे, राउटरचे पैसे तिच्या वडिलांनी भरलेले, वीज त्यांची, आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात!

नेटवाल्यांशी मी या विषयावर बोलले आहे. त्यांचे म्हणणे असे की ग्राहकाच्या हातात पासवर्ड दिला तर तो आत जाऊन काहीतरी बिघडवतो आणि मग आम्हालाच धावावे लागते. यात थोडे तथ्य आहे, हे मी मान्य करते. राउटरच्या मागे टाचणीने दाबायचे छोटे भोक असते, ते दाबले की सगळी मांडणी पुसली जाते, आणि पुष्कळ जोडण्यांत लाइन सुरू करायला लागणारे ग्राहकाचे नाव आणि पासवर्ड त्यातच असतात. म्हणून वाचकांना कळकळीची विनंती, ते भोक दाबू नका. राउटर बंद-चालू करायचा तर बटणाने करा. पण यावर उपाय माहिती लपवणे हा नाही. ती लिहून देणे हा आहे. जे लिहून ठेवलेले आहे ते पुन्हा भरता येते.

आता घरच्या माणसाने काय करायचे ते. लॅपटॉप उचलून दुकानात आणण्याआधी दोष कुठे आहे एवढे घरीच ठरवता येते, आणि त्याला माझ्यासारख्या माणसाची गरज नाही.

आधी डब्याकडे बघा. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल लागला किंवा लाल लुकलुकत असला तर बाहेरची तार तुटली आहे किंवा कुठेतरी जोरात मुडपली आहे. आमच्याकडे पावसात झावळ पडते, फांदी पडते आणि खांबावरची तार घेऊन जाते. अशा वेळी लॅपटॉपमध्ये काहीही करण्यात अर्थ नाही. तक्रार नोंदवायची आणि तिचा क्रमांक लिहून घ्यायचा. घरातही कपाट सरकवताना फायबरची पातळ तार भिंत आणि कपाट यांच्यात दाबली जाते. ती विजेच्या वायरसारखी काटकोनात मुडपलेली चालत नाही.

दिवा ठीक असेल तर फोन हातात घ्या, पण आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करा. हे मी ठळक अक्षरांत छापा म्हणून सांगेन, कारण निम्मा गोंधळ इथे होतो. “फोनवर तर चालतंय” असे छातीठोकपणे सांगणाऱ्याचा फोन कितीदा तरी वायफायवर चालतच नसतो. वायफाय लंगडे पडले की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि चालत राहतो. लॅपटॉपकडे ती सोय नसते, म्हणून दोषी तो ठरतो. डेटा बंद करून फोनवरही नेट गेले, तर लॅपटॉप निर्दोष आहे.

मग उलटी परीक्षा. मोबाइल डेटा पुन्हा चालू करा आणि फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडा. तिथे तो नीट चालला तर त्याचे कार्ड जिवंत आहे. मग घरच्या राउटरशीच त्याचे काहीतरी बिनसले आहे. कधी वायफायचा पासवर्ड बदललेला असतो आणि लॅपटॉप जुनाच धरून बसलेला असतो. अशा वेळी यादीतल्या त्या नावावर ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडायचे. कधी राउटर नवा असतो आणि सुरक्षेसाठी फक्त डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या कुलपावर ठेवलेला असतो, जे जुन्या लॅपटॉपला कळत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील असे ठेवले की जुळते. आणि हो, कीबोर्डवरचे विमानाचे बटण एकदा बघून घ्या. लहान मुलाचा हात लागून ते दाबले जाते आणि लॅपटॉप थेट माझ्या दुकानात येतो.

लॅपटॉप वायफायला जोडला गेला, पण खाली ‘नो इंटरनेट’ लिहून येते, ही सगळ्यांत छळणारी स्थिती. यात एक गोष्ट बघता आली तर निम्मे काम होते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा इंग्रजीत टाइप करायची. तिथे आपल्या लॅपटॉपचा पत्ता दिसतो. तो १९२.१६८ ने सुरू होत असला तर राउटरने पत्ता दिला आहे. १६९.२५४ ने सुरू झाला तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, आणि विंडोजने वाट बघून आपला आपण एक घेतला आहे. त्या पत्त्यावर नेट कधीच चालणार नाही, कितीही वेळा बंद-चालू करा. घरात जुना राउटर बूस्टर म्हणून लावला असेल तर अजून एक घोटाळा होतो. दोन्ही डबे पत्ते वाटत बसतात. त्या जुन्याने दिलेला पत्ता घेतलेल्या लॅपटॉपला बाहेरचा रस्ता सापडत नाही, तर नव्याचा पत्ता मिळालेला फोन मजेत चालतो. जुन्या राउटरमधले पत्ते वाटण्याचे काम बंद करूनच तो जोडायचा असतो, हे त्या घरी कोणी सांगितलेले नसते.

त्याच जागी ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून राउटरचा पत्ता दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. नेट मधेच तुटत असेल तर मागच्या खोलीत बसून पिंग (ping), मग एक जागा सोडून हा पत्ता, पुन्हा जागा सोडून उणे चिन्ह आणि टी, असे टाइप करून पाच मिनिटे नुसते बघत बसा. ओळीमागून ओळ येत राहते आणि प्रत्येक ओळीत राउटरने किती मिलिसेकंदात उत्तर दिले ते येते. एक, दोन, चार असे आकडे येत असतील तर घरातला रस्ता साफ आहे. मधेच दोनशे, पाचशे, आणि मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आले तर तुटते आहे ते तुमच्या घरातच. मग दुसरी खिडकी उघडून तसेच ८.८.८.८ ला, म्हणजे घराबाहेरच्या गूगलच्या पत्त्याला, पिंग करा. घरचा राउटर बिनचूक उत्तर देतो आहे आणि फक्त बाहेरचे तुटते आहे, असे दिसले तर फोटो काढून ठेवा. नेटवाल्याशी वाद घालायला याहून चांगला पुरावा नाही. मी गिऱ्हाइकांना हे शिकवते तेव्हा साठी ओलांडलेल्या बायकासुद्धा दहा मिनिटांत शिकतात.

गावातल्या घरांत आणखी एक गोष्ट होते, जी शहरातल्या माणसाच्या लक्षात येणार नाही. विहिरीवरचा पंप सुरू केला की नेट जाते. विजेचा दाब खाली येतो, त्यात राउटरचा अडॅप्टर जुना आणि कमजोर झालेला, म्हणून राउटर क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तो पूर्ण उभा राहून लाइन पकडेपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात. दिवे बघायला कोणी नसते, म्हणून घरच्यांना वाटते लॅपटॉप वायफाय सोडतो. अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर ते छापलेले असते. तेवढ्याचाच नवा लावायचा, किंवा राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो तो बसवायचा. वीज गेल्यावरही नेट टिकते हा वरचा फायदा. वैशाखाच्या अखेरीस आणि दसऱ्याच्या आसपास गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर प्लगमधून काढून ठेवा. विजेने उडालेले राउटर दरवर्षी माझ्याकडे येतात आणि त्यांचे काही करता येत नाही.

लॅपटॉपमध्ये खरोखर दोष असतोच, तो मी नाकारत नाही. वीज वाचवण्यासाठी विंडोज वायफाय कार्डाला झोपवते आणि काही मशीनमध्ये ते नीट जागे होत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती खूण काढता येते. शट डाउन केल्याने लॅपटॉप पुरता बंद होतो, असेही नाही. विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर आतली बरीचशी मांडणी जपून ठेवलेली असते आणि उघडल्यावर तीच परत येते. म्हणून वायफाय अडले तर शट डाउन नको, रिस्टार्ट करा. मे महिन्यात वापरून गणपतीपर्यंत बंद घरात ठेवलेला लॅपटॉप उघडला तर कधी त्याची तारीखच चुकलेली असते, आणि तारीख चुकली की वायफाय जोडलेले असूनही बँकेची साइट उघडत नाही, सुरक्षेची सूचना येते. तारीख नीट केली की सगळे उघडते. जुन्या लॅपटॉपांत फक्त २.४ गिगाहर्ट्झचे कार्ड असते. त्याला ५ गिगाहर्ट्झचे नाव कधीच दिसणार नाही आणि ३०० एमबीपीएसच्या प्लॅनमधला लहानसा वाटाच त्याच्या वाट्याला येईल. पण त्यासाठी लॅपटॉप बदलायला नको. दोन्ही पट्टे पकडणारा यूएसबीचा छोटा डोंगल लावला तरी पुरते.

इथे माझ्याच धंद्यातल्या मंडळींना चार शब्द सांगायचे आहेत. वायफाय चालत नाही म्हणून आलेला लॅपटॉप फॉरमॅट मारून देणे बंद करा. ड्रायव्हर बदलून बघा, नेटवर्क रिसेट करून बघा, दुसरे कार्ड लावून बघा. फॉरमॅट केल्यावर लॅपटॉप दुकानात चालतो, कारण तो आधीही दुकानात चालतच होता. घरी गेल्यावर तक्रार तशीच राहते आणि दरम्यान कोणाच्या तरी मुलाचे प्रोजेक्ट, कोणाचे लग्नाचे फोटो गेलेले असतात.

आमच्या शहरातल्या मारुती मंदिर परिसरात आता इमारती दाटीने उभ्या राहिल्या आहेत. तिथे चिऱ्याचा प्रश्न नाही, गर्दीचा आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो, आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये तसाच खुला झाला. खुला याचा अर्थ त्यावर कोणाचाच हक्क नाही आणि शेजाऱ्याच्या राउटरविरुद्ध कोणाकडे दाद मागता येत नाही. तेरा चॅनल म्हटली तरी ती एकमेकांवर चढलेली असतात. एकमेकांना न अडणारी तीनच, १, ६ आणि ११. एका जिन्यावरच्या वीस घरांनी यांतच दाटी केली तर संध्याकाळी सगळ्यांचेच नेट मंदावणार. जवळ बसून काम करणाऱ्यांनी ५ गिगाहर्ट्झवर जावे, टीव्ही एका जागी असतो तर तो केबलने जोडावा, म्हणजे लॅपटॉपला हवा मोकळी मिळते. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही २.४ वरच असतात. यूएसबी ३ ची हार्डडिस्क लॅपटॉपला लावली की त्याचे २.४ चे वायफाय अडखळते, हेही मी पाहिले आहे. अशा वेळी डिस्क लांब वायरने दूर ठेवून बघावी.

सरकारी नियम काय म्हणतो? जानेवारी २०२३ पासून निदान २ एमबीपीएस डाउनलोड वेग देणाऱ्या जोडणीलाच ब्रॉडबँड म्हणता येते. त्याआधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती. पण हा वेग सेवा देणाऱ्याच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतचा. घराच्या कुठल्या खोलीत वायफायवर किती पोचावे, याबद्दल त्या व्याख्येत काही नाही. तक्रारीची वाट मात्र ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नियमांनी आखून दिलेली आहे. कंपनीच्या तक्रार केंद्रावर नोंद केली की तक्रार क्रमांक द्यावाच लागतो, आणि निवारण झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे फुकट दाद मागता येते. गल्लीतल्या नेटवाल्याच्या मोबाइलवर केलेला फोन ही नोंद होत नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. बहुतेक लोक त्यालाच फोन करतात, तो “बघतो” म्हणतो, आणि कागदावर कधीच काही येत नाही.

नियम बदलायला वेळ लागेल. पण कागद द्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. ज्याचे नेट घेता त्याच्याकडे नव्या जोडणीच्या दिवशीच तो मागा, आणि कागद हातात पडल्याशिवाय जोडणी मिळाल्याची सही करू नका. जुनी जोडणी असेल तर पुढच्या रिचार्जच्या वेळी मागा. त्यावर राउटरचा पत्ता आणि आत शिरण्याचा पासवर्ड असावा, दोन्ही पट्ट्यांची वेगळी नावे असावीत, लाइन सुरू करायचे ग्राहकाचे नाव आणि पासवर्ड असावा, कंपनीच्या तक्रार केंद्राचा क्रमांक असावा, आणि केबलवर, राउटरशेजारी आणि कामाच्या खोलीत मोजलेले तीन वेग तारखेसह असावेत. पुढे कधी तक्रार झाली तर हे तीन आकडे समोर ठेवून बोलता येते. तो कागद राउटरला चिकटवू नका, पाहुण्यांच्या नजरेला पडतो. वीजबिलांच्या फाइलमध्ये ठेवा.

आमच्या भागातल्या एका तरुण नेटवाल्याने असा कागद द्यायला सुरुवात केली आहे. त्याच्या गिऱ्हाइकांचे लॅपटॉप माझ्याकडे आता क्वचित येतात. त्यात माझे नुकसान आहे असे कोणी म्हणेल, पण दुरुस्तीला खरोखर नादुरुस्त मशीन येत असेल तर माझा वेळ सत्कारणी लागतो आणि गिऱ्हाइकाकडून पैसे घेताना मला संकोच वाटत नाही.

त्या कागदाचा कोरा नमुना मी मराठीत तयार केला आहे आणि या पत्रासोबत जोडला आहे. जागा असेल तर गणपतीच्या आधी तो कापून ठेवता येईल अशा आकारात छापावा. चाकरमानी यायच्या आत घरोघरी भरून झाला तर बरे होईल.

कळावे,

आपली,
लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान चालवणारी एक वाचक,
रत्नागिरी